पाळीव बजरीगर: निवडीपासून बोलण्यापर्यंत, कामांच्या योग्य क्रमाने

"पक्षी आणून दोन महिने झाले, पण हात नेला की जाळीवर आपटतो, आणि बोलण्याचे तर नावच नाही," ही तक्रार गावोगावी ऐकू येते. खोदून विचारले की बहुतेक वेळा एकच हकिकत पुढे येते. पक्षी घरी आला त्याच संध्याकाळी तो मुलांच्या हाती दिला गेला, दुसऱ्या सकाळपासून "मिठ्ठू, मिठ्ठू" सुरू झाले, आणि पिंजरा, जागा, दाणापाणी यांची व्यवस्था नंतर जमेल तशी लागली. म्हणजे शेवटचे काम आधी झाले आणि पहिले काम शेवटी. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. एक टप्पा पुरा झाल्याची खूण दिसल्याखेरीज पुढचा हाती घेऊ नये, मग त्याला चार दिवस लागोत की चार आठवडे.

टप्पा १: कोणता पक्षी आणायचा, हे आधी ठरवा

आपल्याकडे कडुनिंबावर आणि ज्वारीच्या शेतात थव्याने दिसणारा, गळ्याभोवती गुलाबी-काळी कडी असलेला हिरवा पोपट, त्याहून मोठा आणि खांद्यावर लाल डाग असलेला पहाडी पोपट, तसेच तांबूस-जांभळ्या डोक्याचा लहान पोपट हे सर्व वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे आणि पाळणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. झाडाच्या ढोलीतून काढलेले पिल्लू कोणी "घरचेच आहे" म्हणून दिले, तरी कायद्यात त्याने काही फरक पडत नाही. जखमी किंवा घरट्यातून पडलेले पिल्लू सापडल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

घरी पाळण्यास योग्य असा लहान पोपट म्हणजे मूळचा ऑस्ट्रेलियाचा बजरीगर. त्याची लांबी सुमारे १८ सेंटीमीटर आणि वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम असते, आणि नीट सांभाळल्यास तो ५ ते १० वर्षे जगतो. बाजारात हाच पक्षी सर्रास "लव्ह बर्ड" या नावाने विकला जातो. खरा लव्ह बर्ड आफ्रिकेचा, अंगाने जाड, आखूड शेपटीचा आणि जोरात चावणारा असतो. तेव्हा दुकानात नाव सांगून थांबू नये, पक्षी पाहून खात्री करावी. लांब निमुळती शेपटी आणि पाठीवर लाटांसारख्या काळ्या रेघा ही बजरीगरची ओळख आहे.

एक आणावा की दोन? खरिपाच्या दिवसांत ज्या घरातील सर्वजण सकाळी शेतावर जातात आणि दिवे लागायच्या वेळी परततात, त्या घरी एकटा पक्षी ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बजरीगर थव्यात राहणारा जीव आहे आणि दिवसभराच्या एकटेपणात तो स्वतःची पिसे उपटू लागतो. अशा घरी दोन नर आणावेत. ते माणसाळायला जास्त वेळ घेतील आणि बोलणे कदाचित कमीच शिकतील, हे मात्र आधीच गृहीत धरावे. घरात कोणीतरी सतत असेल आणि रोज दोन-तीन तास पक्ष्याजवळ घालवणार असेल, तरच एकटा नर आणावा.

सावधान: नर-मादीची जोडी देताना दुकानदार बहुधा सोबत मातीचे मडकेही देतो. पिल्ले वाढवण्याची तयारी नसेल तर ते पिंजऱ्यात बांधू नये. मडके दिसले की मादी अंडी घालू लागते आणि अंडे अडकून तिचा जीव जाण्याचा धोका राहतो.

टप्पा २: पक्ष्याआधी पिंजरा आणि जागा

पिंजरा उंच असण्यापेक्षा लांब असावा, कारण पक्षी आडवा उडतो, विहिरीतल्या बादलीसारखा वर-खाली जात नाही. एका पक्ष्यासाठी किमान २४ इंच लांब, १८ इंच रुंद आणि १८ इंच उंच, तर दोघांसाठी किमान ३० इंच लांब पिंजरा लागतो. दोन तारांमधील अंतर अर्ध्या इंचाहून जास्त नसावे, अन्यथा डोके अडकते. घुमटाकार गोल पिंजरा शोभेला बरा दिसतो, पण पक्ष्याला त्यात कोपराच मिळत नाही. तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याकडून जाळीचा पिंजरा बनवून घेतल्यास खर्च वाचतो. मात्र नव्या जाळीवरचा जस्ताचा मुलामा चोचीने कुरतडला गेल्यास विषबाधा होते, म्हणून ती जाळी व्हिनेगर लावून ब्रशने घासावी, स्वच्छ धुवावी आणि उन्हात वाळवूनच वापरावी.

पिंजऱ्यासोबत मिळणाऱ्या गुळगुळीत प्लास्टिकच्या दांड्या काढून टाकाव्यात आणि त्यांच्या जागी कडुनिंबाच्या किंवा पेरूच्या, बोटाएवढ्या पण कमी-अधिक जाडीच्या फांद्या साल न काढता बसवाव्यात. एकसारख्या जाडीच्या दांडीवर सतत बसल्याने तळपायांना फोड येतात. दाण्याच्या किंवा पाण्याच्या वाटीवर फांदी येऊ देऊ नये, नाहीतर विष्ठा थेट वाटीत पडते.

पिंजरा बसत्या खोलीत, डोळ्यांच्या उंचीवर, एक बाजू भिंतीला लागून ठेवावा. सपरीत (ओसरीत) टांगलेला पिंजरा दिवसा कोणी जवळ असेतो ठीक आहे. रात्री मात्र तो आत घ्यावाच, कारण मांजर, मुंगूस आणि उंदरांच्या मागावर येणारी धामण यांना जाळीपर्यंत पोहोचायला फार वेळ लागत नाही. चुलीच्या खोलीत पिंजरा कधीही ठेवू नये. पक्ष्याची फुप्फुसे फार नाजूक असतात. चुलीचा धूर, डासांची अगरबत्ती, फिनाइलचा वास आणि रिकाम्या नॉनस्टिक तव्याचा जास्त तापल्यावर सुटणारा, आपल्याला जाणवतही नसलेला वायू त्याचा जीव घेऊ शकतात.

परसात कोंबड्या असतील तर खुराड्यापासून पिंजरा दूर ठेवावा. मानमोडी हा रोग कोंबड्यांवरून इतर पक्ष्यांना लागतो, म्हणून कोंबड्यांची कामे उरकून हात धुतल्याशिवाय पिंजऱ्याला हात लावू नये. कपाशीवरच्या फवारणीबाबतही हाच नियम, आणि तो अधिक कडक: फवारणीच्या कपड्यांनिशी पिंजऱ्याजवळ जाऊ नये, आणि फवारलेल्या वावराच्या धुऱ्यावरचा (बांधावरचा) पाला, तो कितीही हिरवागार दिसला तरी, पक्ष्याला घालू नये.

टप्पा ३: पक्षी निवडणे आणि घरी आणणे

शक्य असल्यास पावसाळा सरल्यानंतर, ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान पक्षी आणावा. एप्रिल-मे मध्ये, पारा ४५ अंशांकडे जात असताना केलेला प्रवास आणि नवी जागा हे दोन्ही ताण लहान पक्ष्याला एकदम झेपत नाहीत.

दुकानात सकाळी जावे, कारण दुपारी निरोगी पक्षीही पेंगतो आणि आजारी-निरोगी हा भेद कळत नाही. पिंजऱ्यापासून चार पावले लांब उभे राहून किमान पंधरा मिनिटे नुसते पाहावे. जो खातो, इतरांशी कुरबुर करतो, पिसे साफ करतो तो पाहण्याजोगा. जो अंग फुगवून तळाशी बसला आहे, श्वासागणिक ज्याची शेपटी वर-खाली होते, किंवा ज्याची शेपटीखालची पिसे ओली व चिकटलेली आहेत, तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. आवडलेला पक्षी नंतर जवळून तपासावा. नाकपुड्या कोरड्या, चोच सरळ, चोचीच्या कडेला पांढरी खरखरीत खपली नाही, प्रत्येक पायाला दोन बोटे पुढे व दोन मागे, आणि छातीचे मधले हाड सुरीच्या धारेसारखे टोचत नाही, एवढे सर्व जुळले पाहिजे.

वय हा सर्वांत जास्त फसवणुकीचा भाग आहे. शिकवायचा पक्षी ६ ते १० आठवड्यांचा असावा. त्याच्या कपाळावरच्या काळ्या आडव्या रेघा थेट चोचीच्या मुळापर्यंत आलेल्या असतात आणि डोळे पूर्ण काळे असतात. तीन-चार महिन्यांनी पहिली पिसे झडली की कपाळ साफ होते आणि पुढे डोळ्यातील बुबुळाभोवती पांढरे कडे दिसू लागते. कपाळ साफ असलेला पक्षी "दीड महिन्याचा" म्हणून दाखवला गेल्यास दुसरे दुकान पाहावे.

नर-मादीची ओळख चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवती असलेल्या मऊ पट्टीवरून होते. मोठ्या नराची पट्टी निळी आणि मादीची तपकिरी असते. पिल्लात मात्र नराची पट्टी एकसारखी गुलाबी-जांभळी, तर मादीची फिकट निळसर आणि नाकपुडीभोवती पांढरे कडे असलेली दिसते. पूर्ण पिवळ्या किंवा पूर्ण पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या पक्ष्यांत नराची पट्टी जन्मभर गुलाबीच राहते आणि डोळेही काळे नसतात, त्यामुळे वरच्या खुणा त्यांना तंतोतंत लागू पडत नाहीत.

घरी आणताना उघडा पिंजरा मोटारसायकलवर धरून आणू नये. बुटाच्या खोक्याएवढ्या पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडावीत, तळाला कापड अंथरावे, थोडे दाणे टाकावेत आणि पाण्याऐवजी काकडीची एक चकती ठेवावी. एसटीने यायचे असेल तर सकाळची पहिली गाडी धरावी आणि खोके मांडीवर ठेवावे. घरात आधीपासून पक्षी असल्यास नव्याला ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवावे.

टप्पा ४: पहिले पाच दिवस, हात न लावता

या दिवसांत शिकवण्याचे कोणतेही काम करायचे नाही. पिंजऱ्याच्या तीन बाजू पातळ कापडाने झाकाव्यात, मुलांना लांबूनच पाहू द्यावे आणि दाणापाणी बदलताना हालचाली संथ ठेवाव्यात. संध्याकाळी पिंजऱ्याजवळ बसून निवांतपणे स्वतःचे काम करावे, मग ते शेंगा सोलणे असो की हिशेब लिहिणे. रोखून पाहत बसू नये. समोरून एकटक पाहणारा जीव शिकारी असतो, अशीच पक्ष्याची समजूत असते.

खाण्याकडे मात्र याच दिवसांत सर्वांत जास्त लक्ष हवे. बजरीगर दाणा सोलून खातो आणि फोलपट तिथेच टाकतो, त्यामुळे वाटी वरून भरलेली दिसते आणि खाली एकही दाणा नसतो. माझ्या पहिल्या पक्ष्याच्या वेळी मी तीन दिवस ती भरलेली वाटी पाहून समाधानी होतो. चौथ्या दिवशी सहज फुंकर मारली, तेव्हा सगळी फोलपटे उडाली आणि वाटीचा तळ दिसला. पक्षी वाचला तो तळाशी सांडलेल्या दाण्यांवर. रोज सकाळ-संध्याकाळ वाटीवर फुंकर मारणे हा नियम मी तेव्हापासून कधी मोडलेला नाही.

राळा, बाजरी आणि सावा यांचे मिश्रण एका पक्ष्याला दिवसाला साधारण दोन लहान चमचे पुरते. त्याशिवाय कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला किंवा किसलेले गाजर धुऊन द्यावे आणि दोन तासांनी उरलेले काढून टाकावे. चुन्याच्या भरतीसाठी समुद्रफेसाचा तुकडा जाळीला अडकवावा. सूर्यफुलाच्या बिया क्वचितच द्याव्यात. ॲव्होकॅडो, चॉकलेट, कांदा, सफरचंदाच्या बिया, चहा आणि खारट चिवडा कधीच देऊ नये. मिरची दिली की पोपट लवकर बोलतो असे छातीठोकपणे सांगणारे भेटतात. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, त्यामुळे तिने इजा होत नाही आणि जीभही मोकळी होत नाही.

तपासणी: तुम्ही पिंजऱ्याशेजारी बसलेले असताना पक्षी खातो, पिसे साफ करतो किंवा एक पाय पोटात घेऊन चोच हलकेच घासत डुलकी घेतो का? घेत असल्यास पुढे जावे. पिसे अंगाला चिकटवून, मान ताणून तो कोपऱ्यात उभा राहत असेल तर आणखी काही दिवस थांबावे.

टप्पा ५: हाताची भीती घालवणे

१. सकाळी ताजे दाणे घालण्यापूर्वी पिंजऱ्याच्या बाहेर जाळीजवळ हात स्थिर ठेवावा. पक्षी मागे सरकला तर तिथेच थांबावे, तो सैल झाला की हात काढून घ्यावा. हात येतो आणि काही न करता जातो, एवढेच त्याला कळायला हवे.

२. दोन-तीन दिवसांनी दार उघडून हात आत, दाराजवळच टेकवावा. पाच ते दहा मिनिटांची अशी दोन सत्रे दिवसाला पुरेशी आहेत.

३. आता हातात राळ्याचे किंवा बाजरीचे कणीस धरावे. हे कणीस एरवी वाटीत घालू नये, ते केवळ हातातूनच मिळाले पाहिजे. सुरुवातीला लांब टोक पुढे करावे आणि रोज बोटे थोडी जवळ सरकवावीत.

४. पक्षी बोटांजवळ निवांत खाऊ लागला की दुसऱ्या हाताचे बोट त्याच्या पोटाच्या खालच्या भागाला, पायांच्या किंचित वर, हळू टेकवावे आणि "ये" म्हणावे. तोल सांभाळण्यासाठी तो पाय उचलून बोटावर ठेवतो. त्याच क्षणी "शाब्बास" म्हणून कणीस द्यावे.

बोटावर येण्यापूर्वी पक्षी चोचीने बोट चाचपतो. तो चावा नसतो, फांदी घट्ट आहे का ते पाहणे असते. या क्षणी झटकन हात मागे घेतला की दोन चुका एकदम होतात: बोट भरवशाचे नाही हे पक्ष्याला कळते आणि चोच लावली की हात जातो हेही कळते. पुढे तो खरोखर चावू लागतो तो यामुळेच.

सावधान: लवकर शिकावा म्हणून पक्ष्याला उपाशी ठेवू नये. एवढ्या लहान शरीरात साठा नसतो. रात्रीच्या झोपेनंतरची सकाळची साधी भूक शिकवणीला पुरेशी असते.

बोटावर येणे पक्के झाल्यावर खराट्याची काडी घ्यावी. पक्ष्याने काडीच्या टोकाला चोच लावली की "शाब्बास" आणि एक दाणा. काडी जिथे जाईल तिथे तो जाऊ लागला की पिंजऱ्यातून बाहेर येणे, परत जाणे आणि गोल फिरणे हे सर्व न पकडता शिकवता येते.

टप्पा ६: पिंजऱ्याबाहेर

पक्षी दहापैकी आठ वेळा बोलावल्यावर बोटावर येत असेल, तरच दार उघडावे. त्याआधी खोलीची तयारी अशी करावी:

- छताचा पंखा बंद करून बटणावर चिकटपट्टी लावावी, कारण उकाड्यात घरातला कोणीतरी सवयीने बटण दाबतोच.
- कूलर बंद करावा, खिडक्या आणि आरसे कापडाने झाकावेत, दाराला कडी लावावी.
- पाण्याची उघडी बादली, तापते दूध, पेटता दिवा खोलीत असू नये.

पहिली वेळ संध्याकाळची आणि पंधरा मिनिटांची असावी, आणि दाण्याची वाटी पिंजऱ्यातच राहू द्यावी, म्हणजे भूक लागली की तो स्वतः परततो. परतला नाही म्हणून टॉवेल घेऊन मागे धावल्यास मागच्या तीन आठवड्यांची मेहनत एका संध्याकाळी जाते. फारच अडचण झाली तर दिवा मालवावा. अंधारात पक्षी उडत नाही, तेव्हा त्याला हलक्या हाताने उचलून पिंजऱ्यात ठेवता येते.

उडू नये म्हणून पंख कापण्याचा सल्ला अनेकजण देतात. ज्या घरात मांजर बिनदिक्कत ये-जा करते तिथे पंख कापलेला पक्षी तिच्यासमोर वाढून ठेवल्यासारखाच आहे.

टप्पा ७: बोलणे

आता, आणि आताच, शब्द. नर साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात शब्द पकडू लागतो. मादी क्वचितच बोलते. पिंजऱ्यातील आरसा काढून टाकावा, अन्यथा तो आरशातल्या पक्ष्याशीच बोलत राहतो. घरातील एकाच व्यक्तीने, शक्यतो स्पष्ट आणि उंच आवाजाच्या व्यक्तीने, सकाळी आणि संध्याकाळी दहा-दहा मिनिटे एकच छोटा शब्दसमूह म्हणावा. "पिट्टू, ये", "काय पाहिजे?" यांसारखे प, ट, क असलेले शब्द त्याला सोपे जातात. तो शब्द पक्का होईपर्यंत दुसरा घेऊ नये. मोबाइलवर दिवसभर ध्वनिमुद्रण लावून ठेवल्याने काम होत नाही, कारण पक्षी ज्याच्या सोबतीत रमतो त्याच्याच आवाजाची नक्कल करतो.

पक्षी डोळे अर्धवट मिटून बारीक आवाजात पुटपुटू लागला की तो सराव करत आहे असे समजावे आणि त्याला मध्येच टोकू नये. घरात वऱ्हाडी बोलली जात असताना त्याला पुस्तकी मराठी शिकवण्याचा अट्टहास करणारे मी पाहिले आहेत. पक्षी शेवटी "काय करून राहिला" हेच उचलतो, कारण ते दिवसातून पन्नास वेळा आणि मनापासून म्हटले जाते. जोरात आणि रागात उच्चारलेले शब्द तर तो सर्वांत आधी उचलतो, याची आठवण घरातील मोठ्यांना करून द्यावी. काही नर कितीही शिकवले तरी बोलत नाहीत. अशा पक्ष्याची शिकवण काडी आणि बोटापुरती चालू ठेवावी.

उन्हाळ्यातील आणि आजारपणातील काळजी

होळीपासून मृग लागेपर्यंत शिकवणीची सत्रे सकाळी आठच्या आत संपवावीत. टिनाच्या छपराखाली दुपारी पिंजरा ठेवू नये. वाळ्याची ताटी लावलेली खोली उत्तम, पण कूलरचा ओला झोत थेट पक्ष्यावर येऊ देऊ नये. पाणी दिवसातून तीनदा बदलावे आणि उथळ ताटलीत आंघोळीची सोय करावी. चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून दूर धरून पक्षी धापा टाकत असेल तर ऊन लागले आहे असे समजून त्याला लगेच गार खोलीत न्यावे, पायांना साधे पाणी लावावे, अंगावर हलका फवारा द्यावा आणि पाणी प्यायला ठेवावे. फ्रीजच्या पाण्यात बुडवू नये. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रात्री पिंजरा तीन बाजूंनी झाकावा आणि टीव्हीच्या उजेडापासून दूर, १० ते १२ तासांची झोप मिळेल असा ठेवावा.

आजार लपवणे हा पक्ष्याचा स्वभाव आहे, म्हणून आठवड्यातून एकदा ग्रॅम दाखवणाऱ्या लहान काट्यावर वजन करून वहीत लिहावे. इतर काहीही दिसण्यापूर्वी वजन उतरते. दुकानातून औषध म्हणून मिळणारी पिवळी पूड स्वतःच्या मनाने पाण्यात टाकू नये. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-बकऱ्यांचीच गर्दी असते, तरीही आधी तिथे दाखवावे आणि गरज पडल्यास नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावे. वाळलेली विष्ठा झाडताना आधी पाणी शिंपडावे व नाकाला रुमाल बांधावा. घरात कोणाला बरेच दिवस ताप आणि कोरडा खोकला राहिल्यास, घरी पोपट आहे हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांना सांगावे, कारण पक्ष्यांपासून माणसाला होणारा एक फुप्फुसांचा आजार तसाच सुरू होतो.

पिसे झडण्याच्या काळात शिकलेला पक्षीही दोन-तीन आठवडे चिडचिडा होतो आणि बोटावर येणे नाकारतो. त्या काळात टप्पा ५ मधील पहिल्या कृतीवर परत यावे, उकडलेल्या अंड्याचा छोटा तुकडा आठवड्यातून दोनदा द्यावा आणि नवी पिसे पूर्ण फुटल्यावर काडीपासून पुन्हा सुरुवात करावी.